छातीत पुन्हा पाणी भरतंय? आधी जुनं काम विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६९ वर्षांचे. नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली २२ वर्षं लॅगिंगचं काम केलं, म्हणजे बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवर उष्णता अडवणारा अ‍ॅसबेस्टॉसचा थर चढवायचा आणि जुना झाला की खरवडून काढायचा. २००१ मध्ये काम सुटलं. चार महिन्यांपासून दम लागतो, उजव्या कुशीत दुखतं. छातीतून सव्वा लिटर पाणी काढलं, टीबीचं औषध सुरू झालं, आणि दीड महिन्यात पाणी पुन्हा भरलं. मुलगी विचारते: 'हा अ‍ॅसबेस्टॉसचा कॅन्सर असू शकतो का? तो ओळखायचा कसा? आमच्या घरावरही तेच पत्रे आहेत. आणि आई त्यांचे कामाचे कपडे अंगणात झटकून मग धुवायची.'

ताई, उत्तर आधी देतो, कारणं मागून. हो, असू शकतो. आहेच, असं मी तुमच्या वडिलांच्या छातीला हात न लावता म्हणणार नाही. पण ६९ वय, २२ वर्षं लॅगिंग, एकाच बाजूला पाणी आणि काढल्यावर ते पुन्हा भरणं, या चार गोष्टी एका माणसात जमल्या की त्या पाण्याचं कारण फुफ्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय गोळ्यांवर महिने घालवू नयेत. टीबीचं औषध मनाने बंद करू नका. मात्र ते कशाच्या आधारावर सुरू झालं, हे या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा.

नागपुरात छातीचे रुग्ण तपासत मला सव्वीस वर्षं झाली. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला विचार टीबीचा येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरच असतो, विशेषतः विशी-तिशीच्या पोराला संध्याकाळी ताप येत असेल तर. साठीच्या पुढच्या, ताप नसलेल्या माणसात मात्र हीच सवय घात करते. मी स्वतः एकदा या खड्ड्यात पडलोय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ आले, डाव्या छातीत पाणी. पाण्यातलं एडीए, म्हणजे टीबीत वाढणारं एक एन्झाइम, ४६ आलं. ४० च्या वर म्हणजे टीबी, असा आमचा ढोबळ हिशेब असतो. 'काय काम करता?' मी विचारलं. 'रिटायर आहो जी.' मी कागदावर 'निवृत्त' लिहिलं आणि टीबीचं औषध चालू केलं. चौथ्या महिन्यात ते परत आले तेव्हा जिथून मी सुई घालून पाणी काढलं होतं, बरोबर त्याच जागी कातडीखाली लिंबाएवढी कडक गाठ आली होती. सुईच्या वाटेने कॅन्सर बाहेर आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना नीट बसवून विचारलं. तीस वर्षं ट्रकच्या ब्रेकचे अ‍ॅसबेस्टॉसचे लायनर घासायचं काम. ड्रममधली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची, तोंडाला कधी दुपट्टा, कधी तोही नाही.

तेव्हापासून मी 'काय काम करता' असं विचारणं सोडून दिलं. मी विचारतो, 'शाळा सुटल्यापासून पोटासाठी काय काय केलं, एकेक सांगा.' दहा मिनिटं जातात, बाहेर पेशंट कुरकुरतात, पण निदानाची अर्धी वाट तिथेच सापडते.

एवढा मागचा इतिहास का लागतो, तर हा आजार फार उशिरा येतो. अ‍ॅसबेस्टॉस हा दगडच, पण तो फुटतो तो तंतूंत, कापसासारखा, आणि ते तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक चिरत जातात. श्वासाबरोबर आत गेलेले लांब तंतू शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना गिळता येत नाहीत. काही फुफ्फुसात अडकतात, काही सरकत सरकत फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पोचतात आणि तिथे वर्षानुवर्षं टोचत राहतात. त्या आवरणाचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. धुळीशी गाठ पडल्यापासून तो दिसेपर्यंत साधारण २० ते ५० वर्षं जातात. त्यामुळे 'काम सोडून चोवीस वर्षं झाली, आता काय होणार' हा युक्तिवाद इथे उलटा वाचायचा. तुमचे वडील आत्ता नेमके त्याच काळात आहेत.

अ‍ॅसबेस्टॉसमुळे फक्त हाच एक कॅन्सर होतो असंही नाही. फुफ्फुसाचा नेहमीचा कॅन्सर त्याने होतो. स्वरयंत्राचा आणि बायकांमध्ये बीजांडकोशाचा कॅन्सरही त्याच यादीत आहे. पांढरं, निळं, तपकिरी असे त्याचे प्रकार आहेत. 'पांढरं निरुपद्रवी असतं' असं काही व्यापारी अजून सांगतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सगळेच प्रकार कॅन्सर करतात. बिडी-सिगारेटचा संबंध नीट समजून घ्या. मेसोथेलिओमाला बिडी लागत नाही, आयुष्यात एकही न ओढलेल्या माणसाला तो होतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत मात्र बिडी आणि अ‍ॅसबेस्टॉस यांची बेरीज होत नाही, जवळजवळ गुणाकार होतो. धुळीत काम केलेल्या माणसाने आजही बिडी सोडली तर त्याचा धोका खरोखर उतरतो. खर्रा सोडायला मी सगळ्यांनाच सांगतो, पण त्याचा हिशेब वेगळा, तो तोंडाच्या कॅन्सरचा.

आता लक्षणांकडे येतो. एकही लक्षण असं नाही की ते दिसलं आणि बोट ठेवून 'अ‍ॅसबेस्टॉस' म्हणावं. म्हणून लक्षणाची जात कमी बघायची आणि त्याची चाल जास्त.

दम लागणं सगळ्यात पहिलं, आणि सगळ्यात जास्त लपवलं जाणारं. माणूस दम लागतो असं म्हणतच नाही, तो कामं कमी करत जातो. पूर्वी बाजारात पायी जायचे, आता ऑटो करतात. गच्चीवर कूलरचं पाणी भरायला नातू जातो. विचारलं की 'वय झालं न जी, आता काय पळून राहिलो का' हे उत्तर तयार असतं. म्हणून मी घरच्यांना विचारतो, मागच्या दिवाळीत काय करत होते आणि या दिवाळीत काय थांबलं? वर्षभरात एवढी घसरण फक्त वयाने होत नाही.

झोपायची कूसही बघा. छातीत एका बाजूला पाणी असलं की माणूस नकळत त्याच कुशीवर झोपायला लागतो, कारण चांगलं फुफ्फुस वर राहिलं की श्वास मोकळा होतो. आम्ही पाठीवर बोटं ठेवून ठोकतो ते याचसाठी. रिकामा माठ आणि काठोकाठ भरलेला माठ, दोन्हींवर टिचकी मारून बघा, तोच फरक तिथे ऐकू येतो.

दुखणं मेसोथेलिओमात बऱ्याचदा बोथट असतं. आतून कोणी दाबून धरल्यासारखं, एका जागी बोट दाखवता येत नाही, कधी खांद्यात किंवा पाठीत उतरतं. न्यूमोनियाचं दुखणं श्वास घेतला की सुरी खुपसल्यासारखं येतं आणि औषधाने आठवड्याभरात उतरतं. हे रेंगाळतं, रात्री जास्त जाणवतं आणि हळूहळू वाढतच जातं. बाम, शेक, गॅसच्या गोळ्या, मानेचा एक्स-रे असा प्रवास करून लोक माझ्याकडे येतात तोवर तीन-चार महिने गेलेले असतात.

खोकला तीन आठवड्यांच्या वर टिकला तर तपासायचाच. जुन्या बिडीवाल्याचा खोकला बदलला, म्हणजे आवाज, वेळ किंवा बेडका बदलला, तरी तपासायचा. थुंकीत रक्ताची एक रेघ दिसली तर ती दुसऱ्यांदा दिसायची वाट बघू नका. रक्त हे फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये अधिक दिसतं, आवरणाच्या कॅन्सरमध्ये कमी. आवाज घोगरा होऊन तीन आठवडे झाले, घास अडकायला लागला, तोंड आणि मान सुजली, गळ्याच्या शिरा फुगल्या, ही नंतरची लक्षणं. शेवटची दोन दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वजनासाठी काटा नसेल तर पट्ट्याचं भोक बघा. जेवणात बदल नसताना दोन महिन्यांत दोन भोकं आत गेली, तर ते कारण शोधल्याशिवाय सोडायचं नाही.

बोटांची एक परीक्षा घरी करता येते. दोन्ही हातांच्या तर्जन्या नखाला नख लावून पाठीला पाठ टेकवा आणि उजेडाकडे धरून बघा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसली पाहिजे. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं ढोलकीच्या काठीसारखी फुगली असतील तर छातीची तपासणी हवी. अ‍ॅसबेस्टॉसने फुफ्फुस आखडून येणाऱ्या अ‍ॅसबेस्टॉसिसमध्ये हे होतं, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्येही होतं. फट दिसते म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका.

पोटाचा प्रकार वेगळा सांगतो, कारण तो सहसा चुकतोच. पोटाच्या आतल्या आवरणालाही हाच कॅन्सर होतो. पोट फुगतं, पाणी साठतं, भूक मरते. पुरुष असेल तर 'दारूचं लिव्हर', बाई असेल तर 'अंडाशय' असं धरून गाडी पुढे जाते. तिथेही जुन्या कामाचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आता तपासण्या. सगळी गडबड इथेच होते. वडिलांचे रिपोर्ट काढा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: पाण्याचा रंग काय लिहिलाय, एडीए किती आहे, आणि पेशींच्या तपासणीत काय आलंय. टीबीचं पाणी बहुधा गवती पिवळं असतं. कॅन्सरचं पाणी पिवळंही असू शकतं, पण ते लालसर असेल तर माझे कान टवकारतात. मेसोथेलिओमाचं पाणी कधी कधी इतकं चिकट असतं की सिरिंजच्या टोकाला पाकासारखी तार धरते. हे एकदा बघितलेला डॉक्टर विसरत नाही. एडीए हा टीबीचा इशारा आहे, पुरावा नाही. तो लिंफोमात (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) वाढतो, पू झाला की वाढतो, मेसोथेलिओमातही कधीमधी वाढतो. आणि पेशींच्या तपासणीत 'कॅन्सर पेशी आढळल्या नाहीत' असं आलं तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की त्या बाटलीत सापडल्या नाहीत. मेसोथेलिओमाच्या पेशी नुसत्या पाण्यातून बऱ्याचदा पकडता येत नाहीत. या एका वाक्यावर विश्वास ठेवून घरी गेलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत.

मग करायचं काय? आधी छातीचा सीटी स्कॅन, शिरेतून रंगद्रव्य देऊन. सगळं पाणी काढून टाकण्याआधी केला तर आवरण जास्त नीट दिसतं. त्यात आवरण एक सेंटिमीटरहून जाड, गाठीगाठींचं, फुफ्फुसाभोवती सालीसारखं लपेटलेलं किंवा हृदयाच्या बाजूलाही जाड झालेलं दिसलं तर संशय पक्का होतो. सीटीच्या रिपोर्टात 'प्लुरल प्लाक' असा शब्द दिसला तर घाबरू नका. ते आवरणावरचे चट्टे असतात, कॅन्सर नव्हे. पण अ‍ॅसबेस्टॉस आत गेल्याची ती खूण आहे, आणि डॉक्टरांना कामाचा इतिहास पटवून द्यायला त्याहून चांगला साक्षीदार नाही.

त्यानंतर तुकडा. बरगड्यांच्या मधून एक-दीड सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण घालून आवरण डोळ्यांनी बघायचं आणि दिसेल त्या जागेचे तुकडे घ्यायचे, याला थोरॅकोस्कोपी म्हणतात. यात दहापैकी नऊहून जास्त वेळा निदान लागतं, आणि टीबी असेल तर तोही इथेच सिद्ध होतो. म्हणून 'ऑपरेशन नको, गोळ्याच बऱ्या' असा हट्ट वडिलांनी धरला तर त्यांना समजवा, की तुकडा टीबीचा निघाला तर निश्चिंत मनाने सहा महिने औषध घेता येईल. तुकड्यावर विशेष रंगांच्या तपासण्या लागतात, त्याशिवाय मेसोथेलिओमा आणि फुफ्फुसातून आवरणावर पसरलेला कॅन्सर वेगळे ओळखता येत नाहीत. पॅथॉलॉजीच्या अर्जावर 'अ‍ॅसबेस्टॉस लॅगिंग, २२ वर्षं' हे शब्द तुम्ही स्वतः आग्रहाने लिहून घ्या. तपासणाऱ्याला ते दिसले की तो कशाच्या शोधात आहोत हे ओळखतो.

नागपुरात यासाठी मुंबईला धावायची गरज नाही. मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, छातीरोग विभाग आहे (लोक अजून त्याला 'टीबी वॉर्ड'च म्हणतात आणि नावाला बिचकतात), मिहानमधलं एम्स आहे, आणि कॅन्सरसाठी राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. जाण्याआधी थोरॅकोस्कोपी होते का, कोणत्या दिवशी होते, एवढं विचारून घ्या. खर्चासाठी महात्मा फुले योजनेचा कक्ष आधी गाठा आणि रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. वडिलांचा कधी ईएसआयचा विमा कापला जात होता का, तेही बघा.

उपचाराबद्दल खोटं सांगणार नाही. मेसोथेलिओमा मुळासकट बरा झालेले रुग्ण फार थोडे. बहुतेकांच्या बाबतीत निदानानंतरचा काळ एक-दीड वर्षाच्या आसपास असतो, काहींना त्याहून खूप जास्त मिळतो. केमोथेरपी आहे, गेल्या काही वर्षांत इम्युनोथेरपीही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणारं औषध, आली आहे. पण रुग्णाला सगळ्यात लवकर जाणवणारा आराम मिळतो तो पाणी पुन्हा भरू नये म्हणून केलेल्या उपायातून: छातीत टाल्कची पूड सोडून आवरणं चिकटवणं, किंवा कायमची बारीक नळी ठेवून घरच्या घरी पाणी काढणं. दर पंधरा दिवसांनी सुई टोचून घेत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि निघालं ते फुफ्फुसाचं किंवा दुसरं काही, तर तिथे वेळेवर पोचण्याला फार मोठी किंमत आहे.

कागदांचं काम आत्तापासून करा, कारण माणूस आजारी पडला की कोणाला सुचत नाही. गेटपास, पीएफची चिठ्ठी, ठेकेदाराचं नाव, हजेरीचं एखादं पान, सोबत काम केलेल्या दोघांची नावं. अ‍ॅसबेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे कायद्याच्या यादीत व्यवसायजन्य आजार म्हणून आहेत आणि त्यांची भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं, की कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवा. ठेकेदाराच्या माणसांच्या अशा नोंदी मी अजून तरी एकदाही डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत, म्हणून तुमच्याकडचा चुरगळलेला गेटपास फेकू नका. डॉक्टरांनाही केसपेपरवर कामाचा इतिहास लिहायला सांगा. पुढे तोच कागद उभा राहतो.

पत्र्यांचं. छपराच्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. अखंड पत्र्याखाली राहणं आणि सुका लॅगिंगचा थर खरवडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा आज रात्री झोप उडवून घेऊ नका. पत्रा कापला, भोक पाडलं, फुटला किंवा घासला की धोका. नागपुरात दोन गोष्टी हमखास होतात. एक, वानरांची टोळी छपरावर उड्या मारते आणि पत्रा तडकतो. दोन, एप्रिलमध्ये घर थंड राहावं म्हणून वरून चुना मारतात आणि त्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतात. ते खरवडणं बंद करा. फुटलेला तुकडा आधी पाण्याने ओला करायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, सुका झाडू मारायचा नाही आणि तुकडे कुटून अंगणात भरणीला टाकायचे नाहीत. पुढे कधी छप्पर बदलाल तेव्हा पत्रे न फोडता, अख्खे उतरवून घ्या.

आता आईबद्दल. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मी त्यावर थांबलो. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांची हकीकत छापली, तिथून हा आजार अ‍ॅसबेस्टॉसशी जोडला गेला. त्यातले कितीतरी जण खाणीत कामाला कधी गेलेलेच नव्हते, ते फक्त त्या भागात राहिले होते, काही तर लहानपणीच. पुढे कामगारांच्या बायकांमध्येही तो सापडला, घरी आलेले कपडे झटकणाऱ्या, धुणाऱ्या बायकांमध्ये. आईचा धोका वडिलांपेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि तिला काही त्रास नसेल तर काळजीचं कारण नाही. तरी वडिलांना तपासणीला न्याल त्या दिवशी तिलाही सोबत न्या, छातीचा एक साधा एक्स-रे काढा, आणि वीस वर्षं कोणाचे कपडे धुतले ते डॉक्टरांना तिच्याच तोंडून सांगू द्या. 'घरीच असते' एवढंच लिहून तिची चिठ्ठी पुढे जाऊ देऊ नका.